ताई, कोयता कशाला पाहिजे?

बाबांनी मला आजवर कधीच काही आणायला सांगितलेलं नाही. वाढदिवसाला दिलेलं स्मार्टवॉच अजून बॉक्समध्ये आहे, दिवाळीचे शर्ट कपाटात घडी न मोडता पडलेत. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात त्यांचा व्हॉइस मेसेज आला, ‘अगो, पुण्यात एखादा बरा लोहार असेल तर बघ, कोयता हवाय,’ तेव्हा मी चालू मीटिंग म्यूट करून तो दोनदा ऐकला.

कारण सांगते. दापोली तालुक्यात समुद्राजवळ आमची छोटीशी वाडी आहे, नारळ-पोफळीची. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि काही तासांत अर्ध्याहून जास्त माड आडवे झाले. आजोबांनी लावलेले. त्यानंतर बाबा वाडीत जाईनासेच झाले. पडवीत बसून पेपर वाचायचे, बस्स. मग एका एजंटाचे फोन सुरू झाले. सी व्ह्यू, फार्महाऊस, ‘काका, रेट चांगला मिळतोय’ वगैरे. आम्ही दोघं त्या विषयावर बोलायचं टाळत होतो. पण ज्याला जागा विकायची आहे तो माणूस नवा कोयता मागत नाही, एवढं मलाही कळतं.

गावातला लोहार भट्टी बंद करून मुलाकडे मुंबईला गेलेला. आजोबांचा कोयता झिजून झिजून विळ्याएवढा उरलेला. बाबांनी तो पेपरवर फुटपट्टीशेजारी ठेवून फोटो पाठवला. आता पुण्यात कोयता विचारत फिरणं म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. २०२२-२३ मधल्या कोयता गँगच्या बातम्यांनंतर हा शब्द उच्चारला तरी लोक आधी तुमच्या तोंडाकडे बघतात. शेतीच्या अवजाराला शस्त्र कायद्यात सूट आहे, हे मी वाचून ठेवलं होतं. कुणी विचारलंच तर!

ऑफिसच्या वाटेवर एका पुलाजवळ घिसाडी कुटुंबाची भट्टी आहे. रोज स्कूटीवरून बघायचे, कधी थांबले नव्हते. काकांनी पहिला प्रश्न तोच विचारला, ‘ताई, कोयता कशाला पाहिजे?’ मी वाडीची कथा सुरू केली तर म्हणाले, ‘तसं नाय. उसाचा का नारळाचा? का बोकडाचा?’ उसाचा हलका आणि पातळ, दिवसभर हात चालला पाहिजे. नारळाचा जड, जाड पाठीचा. आणि बोकडाचा म्हणजे कोयता नव्हेच, तो सत्तूर. फोटो बघून त्यांनी बाजूच्या ढिगातून ट्रकचा जुना पाटा ओढला. स्प्रिंगचं पोलाद. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर असतो, म्हणून ते पाणी घेतं, हे मी नंतर वाचलं. काका फक्त म्हणाले, ‘ह्यो माल खोटा नसतो.’

भात्याच्या जागी आता विजेचा ब्लोअर आहे. बाकी सगळं जुनंच. पाटा लालभडक झाला की काका तो सांडशीत धरून ऐरणीवर ठेवतात, डाव्या हाताने फिरवतात, उजव्या हातातल्या छोट्या हातोडीने टक् करून जागा दाखवतात. त्याच जागी मावशींचा घण पडतो. साडीचा पदर खोचलेला, तोंडात तंबाखू, आणि घण डोक्यावरून येतो तो नेमका तिथेच. टक्-धाड, टक्-धाड. मी आठवड्यातून तीनदा जिमला जाते. मावशींनी हसत घण हातात दिला, तर तिसऱ्या घावाला माझे खांदे गेले. तो घावही पाट्यावर कमी आणि ऐरणीवरच जास्त पडला. मावशी रोज किती मारत असतील, हा हिशेब मी केलाच नाही.

दोन संध्याकाळींत आकार आला. चौदा इंच लांब, पुढे पोपटाच्या चोचीसारखा वळलेला. राहिलं होतं पाणी देणं. इथे मी माती खाल्ली.

पाणी देणं म्हणजे तापलेली धार पाण्यात बुडवून कडक करणं. पण नुसती कडक धार काचेसारखी तुटते. म्हणून फक्त धारच बुडवतात, पाठ गरम ठेवतात. मग विटेच्या तुकड्याने धार घासून चकचकीत करायची आणि बघत बसायचं. पाठीतली आच हळूहळू खाली उतरते आणि लोखंडावर रंग चढतात. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. हवा तो रंग धारेवर आला की पुन्हा पाण्यात. लवकर बुडवलं तर धार ठिसूळ राहते, उशीर झाला तर मऊ.

काका म्हणाले, ‘ताई, सकाळी या. अंधारात रंग कळत नाय.’ पण माझं स्वारगेटहून रात्रीच्या एसटीचं रिझर्वेशन होतं आणि सोमवारी एक डेडलाइन. मी म्हटलं, ‘काका, प्लीज, आजच करा ना.’ पुलाजवळच्या पिवळ्या दिव्यात फिकट पिवळा रंग कसा दिसणार? मी मोबाइलचा टॉर्च धरला आणि दर दहा सेकंदांनी ‘झालं का?’ विचारत राहिले. शेवटी त्यांनी बुडवला. मूठ ठोकली, मी ९०० रुपये दिले, कोयता जुन्या जीन्सच्या पायात गुंडाळला आणि पळाले.

बाबांनी सकाळी तो हातात घेतला तेव्हा त्यांचा चेहरा… जाऊ दे, ते मला लिहिता येणार नाही. बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला, एक डोळा मिटून धारेवरून नजर फिरवली. मग नारळाची झावळी, एका घावात. शहाळं, तीन घावांत तोंड मोकळं. वादळात पडलेल्या फणसाचं वाळलेलं खोड अजून तिथेच होतं. बाबांनी त्याच्या गाठीवर घाव घातला आणि टिंग असा बारीक आवाज आला. धारेतून नखाएवढी चकती उडाली होती.

मी गप्प. बाबांनी धारेवर अंगठा फिरवला. ‘पाणी जास्त झालंय,’ म्हणाले. ‘घाई केली होती का त्याने?’

‘त्याने नाही, मी.’

ते काही बोलले नाहीत. कोयता पुन्हा जीन्समध्ये गुंडाळून माझ्या बॅगेजवळ ठेवला.

पुढच्या शनिवारी सकाळी सातला मी भट्टीवर. सुट्टी टाकून, फोन बंद. काकांनी तुटका भाग बघितला आणि मावशींकडे बघून त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाले. दोघं हसले. मला अर्थ विचारायचं धाडस झालं नाही. त्यांनी धार घासून खाच काढली, कोयता पूर्ण तापवून राखेत गार होऊ दिला. तोवर चहा झाला, दोन गिऱ्हाइकांचे विळे झाले. मग पुन्हा आच, झाडाच्या सावलीत पाणी, वीट. या वेळी रंग मलाही दिसला. पिवळा आला, गेला, त्यामागून तपकिरी, आणि त्याच्या कडेला जांभळ्याची रेघ उमटताच काकांनी कोयता बुडवला. वाळक्या बाभळीच्या ओंडक्यावर त्यांनी कचाकच वीसेक घाव घातले आणि धार माझ्यापुढे धरली. ना तुटली, ना दुमडली. पैसे घेईनात. मावशींनी घेतले.

बाबांनी या पावसाळ्यात बाणवलीची अकरा रोपं लावली. फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. बाबा सहासष्ट वर्षांचे आहेत. एजंटाचा फोन अजून येतो, पण आता बाबा तो वाडीतूनच उचलतात आणि ‘कामात आहे’ म्हणून ठेवून देतात.

परवा त्यांचा मेसेज आला, ‘शेजारच्या अण्णांनाही तसाच एक हवाय. सावकाश आण.’