वेढ्यातली खरेदी

वेढा पडलेल्या शहराबाहेरच्या शेताला काय भाव येणार? यरुशलेमभोवती बाबेलचं सैन्य तळ देऊन बसलेलं, आत भाकरीची चणचण, आणि यिर्मया संदेष्टा राजाच्या पहाऱ्यात कैद. अशात त्याचा चुलतभाऊ येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं शेत तू विकत घे. यिर्मया 17 शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदार बोलावतो आणि खरेदीखत पुष्कळ दिवस टिकावं म्हणून मडक्यात ठेवायला लावतो. शहर पडणार, हे आयुष्यभर सांगत आलेला माणूस तोच. तरी त्यानं शेत घेतलं.

संडे स्कूलमध्ये दावीद-गल्याथ आणि योनाचा मासा यांच्या गर्दीत ही कागदपत्रांची गोष्ट मागंच राहते. वय वाढलं तशी ती मला जवळची होत गेली. आशेबद्दल मी ऐकलेल्या कित्येक उपदेशांपेक्षा त्या मडक्यातल्या खतानं मला जास्त शिकवलं.

पुणे-दौंड मार्गावर केडगाव येतं, तेव्हा मला हे खत हमखास आठवतं. पंडिता रमाबाईंनी इथं जमीन घेतली तेव्हा त्यांच्याभोवतीही वेढाच होता. 1874 च्या सुमारास, ऐन सोळाव्या वर्षी, त्यांनी दुष्काळात आईवडील गमावले. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. 1883 मध्ये त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि स्वकीयांचा रोष ओढवून घेतला. 1893 मध्ये त्यांच्या पुण्यातल्या शारदा सदन या मुलींच्या शाळेवरून वाद पेटला. रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. पुढं काही वर्षांतच या बाईंनी केडगावचा माळ घेतला, विहिरी खोदल्या, फळझाडं लावली. हेतू साधा होता: संस्थेला स्वतःचं उत्पन्न असावं.

मग 1896 चा दुष्काळ आला. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेल्या मुलींना घेऊन आल्या. पोटातली आग त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती. पुण्यात प्लेग होता, तिथं इतक्या मुलींना ठेवणार कुठं? त्यांना जागा मिळाली ती केडगावात. फळबागेसाठी घेतलेला माळ मुक्ती सदन झाला. विहिरी आधी खोदल्या गेल्या, पाणी पिणाऱ्या नंतर आल्या. मला यात आशेची सगळी रीत दिसते. कुणासाठी करतो आहोत हे ठाऊक नसताना तिचं काम सुरू झालेलं असतं.

उतारवयात, कानांनी साथ सोडलेली असताना, रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करत होत्या. खिळे जुळवायला, छापायला मुक्तीतल्याच बायका. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, आणि संस्थेची पुढची धुराही तिच्याकडेच जायची होती. आई मुद्रितं तपासत राहिली. ती संपवून 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी डोळे मिटले. त्या वर्षीचा ईस्टर 16 तारखेला होता. त्यांच्या कष्टाचं हे बायबल मंडळ्यांमध्ये फारसं रुजलं नाही, हेही सांगायला हवं. त्यांच्या आशेचं प्रत्येक झाड फळाला आलं नाही. तरी आशा वाया गेली, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कारण ख्रिस्ती आशेला यशाचा आधार मुळातच नाही. तिचा जन्म कबरेपाशी झाला. रविवारच्या पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन निघालेल्या त्या बायका वाटेत एकमेकींना विचारत होत्या, की कबरेच्या तोंडावरची धोंड आपल्यासाठी कोण लोटणार? उत्तर कुणाकडेच नव्हतं. तरी कुणी माघारी फिरली नाही. त्या एका प्रेताची शेवटची सेवा करायला निघाल्या होत्या. पुनरुत्थानाची वार्ता त्यांना त्याच वाटेवर मिळाली.

आमच्या भागात अशी एक मंडळी आहे, जिची तरुण पोरं नोकरीपायी पुण्या-मुंबईला गेली. देवळात उरल्या आहेत काही म्हाताऱ्या आणि त्यांची नातवंडं. पाळकसाहेब मात्र शनिवारी स्वतः झाडलोट करतात आणि देऊळ भरून माणसं येणार असल्यासारखा उपदेश तयार करतात. कधी त्यांच्या आवाजात थकवा जाणवतो. ते उदास दिसले म्हणून त्यांचा विश्वास आटला, असं मी मानत नाही. मन खचलेलं असतानाही आशा हातात झाडू धरू शकते.

म्हणून सेवेत थकलेल्या माणसाला भेटलात, तर ‘सगळं ठीक होईल’ असं सांगू नका. ते आपल्या हातात नाही. त्याच्या विहिरीचं खोदकाम अर्धं राहिलं असेल, तर एक दिवस कुदळ आपण धरावी.