पांढऱ्या डोक्याचे दोन पक्षी

तैपेई शहराच्या उत्तरेस, हिरव्या डोंगरांच्या पायथ्याशीं, चिनी बादशहांचा चित्रसंग्रह ठेवलेलें वस्तुसंग्रहालय आहे. त्याची सध्यांची इमारत १९६५ सालीं खुली झाली. जुनीं रेशमी चित्रें तेथें थोडेच दिवस मांडतात. त्यामुळें सम्राट ह्वेइत्सुंग (राज्यकाल ११०० ते ११२६) याच्या नांवाचें पुष्प-पक्षिचित्र आम्हांस पाहावयास मिळालें, हा योगच म्हणावयाचा.

हिवाळ्यांत फुलणाऱ्या झाडाची बारीक, वळणदार फांदी खालून वर गेली आहे. तिच्यावर मेणासारखीं पिवळीं फुलें विरळ उमललीं आहेत, आणि दोन पक्षी एकमेकांस बिलगून बसले आहेत. मागें डोंगर नाहीं, आभाळ नाहीं, नुसतें रेशीम. पिसें आणि पाकळ्या सूक्ष्म रेषांनीं आंखून मग रंग भरले आहेत. मोकळी जागा मात्र ओकीबोकी वाटत नाहीं. सारी थंडी तेथेंच सांठली आहे.

परंतु चिनी रसिक असें चित्र नुसतें पाहत नाहीं; तो तें वाचतो. हा पक्षी आपल्याकडील बुलबुलाचाच भाऊबंद. त्याच्या चिनी नांवाचा अर्थ 'पांढऱ्या डोक्याचा म्हातारा'. म्हणून त्याची जोडी म्हणजे केस पिकेपर्यंतची सोबत. आपल्या काव्यांत चक्रवाकाची जोडी विरहाची खूण ठरली, तेथें ही जोडी सहवासाची. संकेत ठाऊक नसेल, तर दोन्हीकडे आपल्या हातीं केवळ पक्षी उरतात.

चित्राच्या डाव्या बाजूस खालीं सम्राटाच्या सडपातळ, धारदार वळणाच्या अक्षरांत चार ओळींची कविता आहे. राजानें चित्रकलेशींच जन्माची सोबत बांधली आहे, असा तिचा आशय. चित्र खुद्द त्याचें, कीं दरबारी चिताऱ्यांचें, याविषयीं पंडितांत मतभेद आहेत. कवितेंतील ओढीविषयीं मात्र शंका राहत नाहीं.

ही ओढ महाग पडली, असें पुढील इतिहासकार म्हणत आले. ११२७ सालीं उत्तरेकडील शत्रूंनीं त्याला कैद करून नेलें, आणि ११३५ सालीं परमुलखांतच त्याचा अंत झाला. राज्यनाशाचें सारें खापर एका कुंचल्यावर फोडणें आम्हांस पटत नाहीं; तरी प्रजेच्या पालकानें आपली निष्ठा कोठें वाहावी, हा प्रश्न त्या दोन पक्ष्यांपुढें उभें राहिलें कीं टाळतां येत नाहीं.

संग्रहाच्या पेट्या १९३३ सालीं पेकिंगमधून निघाल्या आणि युद्धांतून फिरत फिरत १९४८-४९ सालीं या बेटावर उतरल्या. राजाला स्वदेशीं म्हातारपण लाभलें नाहीं. त्याचे पांढऱ्या डोक्याचे पक्षी मात्र अजून जोडीनें बसले आहेत.