ओल्या लाकडाचा विस्तव

गेली एकतीस वर्षे आम्ही मुलांना निबंध लिहावयास सांगत आलो आहोत. त्यांतला एक विषय दर हिवाळ्यात ठरलेला : 'अरण्यातील एक रात्र'. शाळा गुजराती असल्यामुळे निबंधही गुजरातीच. परंतु निबंधातले अरण्य सर्व भाषांत सारखेच असावे. चांदणे पडते, कोल्हे ओरडतात, लेखक निर्भयपणे झोपी जातो आणि पहाटे पक्ष्यांच्या किलबिलाटाने जागा होतो. आम्ही दहापैकी सहा गुण देतो. हा व्यवहार उभयपक्षी सुखाचा असल्याने त्यात कधी खंड पडला नव्हता.

तो गेल्या हिवाळ्यात पडला. नववीतल्या एका राठवा मुलाने हात वर करून विचारले, "साहेब, तुम्ही कधी जंगलात एकटे झोपला आहात का?" प्रश्नात उद्धटपणा नव्हता, निव्वळ कुतूहल होते, म्हणूनच तो अधिक लागला. आमच्या वाघोडिया या गावाच्या नावात वाघ आहे खरा. पण डास आणि शाळा-तपासनीस यांखेरीज अन्य कोणत्याही श्वापदाने तेथे आमची झोप उडविलेली नाही. आम्ही 'नाही' म्हणालो आणि फळ्याकडे वळलो.

फळ्याकडे वळल्याने प्रश्न मिटत नाहीत. ज्या बडोद्यात जुम्मादादांचे व्यायाममंदिर उभे राहिले, जेथून दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे खंड मराठीत प्रसिद्ध केले, त्या बडोद्याच्या मुलखात वाढलेल्या माणसाने आयुष्यात एक रात्रही उघड्यावर एकट्याने काढलेली नसावी, हे आमचे आम्हांलाच खटकू लागले. आम्ही आमचा बेत घरी जाहीर केला. सौ.ने तो शांतपणे ऐकून घेतला आणि फक्त एवढेच विचारले, "निवृत्तीची वाट पाहवत नाही का?"

वाघोडियाहून हालोल आणि शिवराजपूर ओलांडले की जांबुघोड्याचे रान सुरू होते. सागाचे, बांबूचे, मोहाचे हे रान. १९९० साली त्याचे सुमारे १३० चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झाले. बिबळ्या आणि अस्वल ही तेथली राजमान्य मंडळी. अभयारण्याच्या आत परवानगीवाचून रात्र काढणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यास मान्य नाही, आणि शासकीय सेवकाने साहसासाठीसुद्धा कायदा मोडू नये, अशी आमची श्रद्धा आहे. तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या त्याच मुलाच्या आजोबांचे रानाला लागून असलेले शेत आम्ही निवडले. शेतात तूर उभी होती, बांधापलीकडे साग होता, आणि दूर एका टोकाला राखणीचा माळा होता.

या वाटेने जाताना आम्हां मराठी माणसांस एक आठवण होणे साहजिक आहे. १८५८ च्या हिवाळ्यात तात्या टोपे नर्मदा उतरून बडोद्याच्या रोखाने येत होते. याच पट्ट्यात, जांबुघोड्याच्या पूर्वेस छोटा उदेपूर येथे, १ डिसेंबर रोजी ब्रिगेडियर पार्कने त्यांस गाठले. पराभवानंतर ते बांसवाड्याच्या जंगलाकडे निघून गेले. शाळेत आम्ही ही लढाई तारखेसह सांगतो. त्या रात्री ती माणसे कोठे व कशी निजली असतील, हे मात्र आम्ही कधी मनात आणले नव्हते. ते आम्हांस लवकरच कळणार होते.

आजोबांना आम्ही तेथील रीतीप्रमाणे 'काका' म्हणू लागलो. त्यांनी दुपारी आमची शिकवणी घेतली. ओंजळभर भाताचा पेंढा अंथरून "एवढे पुरे ना?" असे आम्ही विचारले, तेव्हा ते हसले. थंडी वरून येत नाही, जमिनीतून येते. पांघरुणाहून अंथरूण जाड हवे, हा त्यांचा पहिला धडा. दुसरा धडा चकमकीचा. पोलादाचा तुकडा, अकीकाचा दगड, आणि आधी किंचित जाळून बांबूच्या नळीत बंद करून ठेवलेला सावरीचा कापूस. आम्ही समजत होतो की ठिणगी दगडातून निघते. तसे नाही. दगड पोलादाचा बारीकसा कण खरवडून काढतो, आणि तो कणच हवेत पेटतो. पोटात विस्तव पोलादाच्या असतो. दगडाने फक्त त्याला वाट करून द्यावयाची. अध्यापनशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात आम्हांस हे इतके स्वच्छ आढळले नव्हते.

नळीबरोबर त्यांनी सालईच्या डिंकाचे दोन खडे आणि एक कोयता दिला. "माळ्यावर या, तेथे जागा आहे," असेही ते म्हणाले. "एकट्यानेच राहावयाचे आहे," असे आम्ही मोठ्या गांभीर्याने सांगितले. त्यांच्या चेहऱ्यावर शंका उमटली. एकटे राहणे ही ठरवून करावयाची गोष्ट असते, हे त्यांस नवीन असावे. ते स्वतः तुरीला रोझ आणि डुकरे लागू नयेत म्हणून सारा हिवाळा एकटेच निजतात. पण त्याला ते राखण म्हणतात, साहस म्हणत नाहीत.

संध्याकाळ उत्तम गेली. दोन मोहांच्या मध्ये ताडपत्री बांधली, खाली पेंढा घातला, वर गादी, तीवर रजई. जमिनीवर पडलेली काटकी गोळा केली आणि, कबूल करतो, आगपेटीने पेटविली. चकमक उशाला शोभेसाठी ठेवली. चांदणे होते. कोल्हेही ओरडले. निबंध बिनचूक चालला होता.

अकराच्या सुमारास वारा फिरला आणि मावठुं आले. ऐन थंडीतल्या अवकाळी पावसाला आमच्याकडे हेच नाव आहे, आणि शेतकरी ते शिवीसारखे उच्चारतो. पहिल्या सरीतच विस्तव विझला. ताडपत्रीचा एक कोपरा सुटला आणि साचलेले पाणी एकदम अंगावर आले. खिशातली आगपेटी लगदा झाली. रजई कापसाची, कापसाने पाणी धरले की ती ऊब देण्याऐवजी अंगातली ऊब काढून घेते. थोड्याच वेळात आमचे दात वाजू लागले. थरथर थांबविता येईना. ती भीतीची नव्हती, पण भीती तिच्यामागे उभी होती. पन्नाशीनंतर शरीर आपले ऐकतेच असे नाही, हे त्या घटकेस पुरते पटले.

एक गोष्ट मात्र कोरडी नव्हती तरी उबदार होती : आजोबांच्या वेळची घोंगडी. सौ.ने ती आमच्या मनाविरुद्ध पिशवीत कोंबली होती. लोकर भिजली तरी तंतूंमध्ये हवा राखून ठेवते. गादी आणि रजई दूर लोटून, पेंढ्याचा कोरडा भाग ओढून घेऊन आम्ही घोंगडीत शिरलो.

हाक मारली असती तर काका आले असते. माळा फार तर तीनशे पावलांवर होता. हाक ओठांपर्यंत आली होती, आणि ती अभिमानानेच अडविली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तेव्हाच एक जुने वाक्य आठवले.

वीस-बावीस वर्षांपूर्वी एका मुलाने त्याच निबंधात चांदणे आणि कोल्हे घातले नव्हते. त्याने साधारण असे लिहिले होते : पावसात लाकूड जमिनीवरचे घेऊ नये, उभे वाळलेले घ्यावे, ते बाहेरून भिजते, आतून भिजत नाही, फोडले की कोरडे सापडते. आम्ही त्याखाली तांबड्या शाईने 'विषयांतर' असे लिहून त्याला तीन गुण दिले होते. वाक्य आठवले, तांबडी शाईसुद्धा आठवली. मुलाचे नाव आठवेना. ते अजूनही आठवत नाही, आणि थंडीपेक्षा हीच बोच अधिक टिकली आहे.

पाऊस ओसरताच आम्ही कोयता घेऊन उठलो. बांधावर सागाची एक वाळकी फांदी खोडाला तशीच उभी होती. ती तोडली, उभी फोडली. आतले लाकूड खरोखर कोरडे होते. अंधारात गालाला लावून पाहिले. त्याच्या पातळ ढलप्या तासल्या, काही टोकाशी न तोडता कुंच्यासारख्या ठेवल्या, डिंकाचे खडे फोडून त्यांत पेरले. बोटे वळत नव्हती. चकमक कितीदा चुकली, याचा हिशेब आम्ही ठेवला नाही. शेवटी सावरीच्या कापसावर एक ठिपका लाल झाला आणि विझला नाही. वाळक्या पेंढ्याच्या चिमटीत तो धरून आम्ही फुंकर घालीत राहिलो. डिंकाने पेट घेतला, धुपाचा वास सुटला, आणि पहाटे तीनच्या सुमारास आमच्यापुढे वीतभर जाळ उभा राहिला. आयुष्यात पुष्कळ सत्कार झाले. असा एकही झाला नव्हता.

उजाडता काका आले. जाळाकडे पाहून म्हणाले, "विस्तव बरोबर केलात साहेब. पण वाऱ्याची बाजू चुकली. रात्रभर धूर खाल्लात." मग आमचे लक्ष चिखलाकडे गेले. ताडपत्रीमागे, मोहाच्या बुंध्याशी, अनवाणी पावलांचे ठसे होते. एकदा आल्याचे नव्हेत, दोनदा आल्याचे. आम्ही काही विचारण्यापूर्वीच ते म्हणाले, "एकटे राहायचे म्हणालात, म्हणून बोललो नाही." त्यांची तूर पावसाने आडवी झाली होती. त्याविषयी ते एक शब्दही बोलले नाहीत. आम्हीच परतताना ती पाहिली.

तेव्हा आम्ही एकट्याने रात्र काढली, असे आता म्हणवत नाही. घोंगडी आजोबांची, ती देण्याची बुद्धी सौ.ची, लाकडाची विद्या एका विसरलेल्या विद्यार्थ्याची आणि पहारा काकांचा. आमचे स्वतःचे असे त्यात फक्त चुकलेल्या वाऱ्याचे गणित होते.

शाळेत परतल्यावर आम्ही निबंधाचा विषय बदलला : 'माझ्या घरी येणारी एक विद्या'. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाने अर्धेच पान लिहिले, माळा कसा बांधतात त्याविषयी. त्यात चांदणे नव्हते. दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण ऱ्हस्व-दीर्घाचा कापला, धंदाच आहे. विषयांतर मात्र कोठे आढळले नाही.