बाहेरचा नळ

मे महिन्यातल्या एका सोमवारी, सकाळी साडेसात वाजता, आमच्या बाथरूमच्या जाळीतून आधी बुडबुडे आले आणि मग पाणी. करडं, साबणाचं, वर भाताची शितं तरंगणारं. आमच्या फ्लॅटमध्ये आठवडाभर भात शिजलाच नव्हता. मी आणि माझी रूममेट, दोघीही ऑफिसच्या कॅन्टीनवर आणि मॅगीवर जगत होतो.

धनकवडीतला तळमजल्याचा वन बीएचके. डिपॉझिट ६० हजार. घरमालक काकांना फोन केला तर म्हणाले, "मुलींना घर दिलं की हेच होतं. केस अडकले असणार. आधीच्या भाडेकरूंची कधी तक्रार नव्हती. खर्च डिपॉझिटमधून कापेन."

'केस' हा शब्द त्यांनी असा उच्चारला की फोन ठेवून मी आधी जाळी उचलली आणि बोटांनी केस शोधले. दोन-तीन निघालेही. अपराधी वाटायला तेवढे पुरले.

मग सगळे जे करतात ते सगळं केलं. रबरी पंप मारला. खायचा सोडा टाकला. गरम पाणी ओतलं. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून ॲसिडची बाटली आणून रिकामी केली. पाणी उतरलं आणि दुसऱ्या दिवशी साडेसातला पुन्हा हजर. प्लंबर आला, त्यानं तार फिरवली, ५०० रुपये घेतले आणि म्हणाला, "तार सरळ बाहेर जातेय. अडलंय ते तुमच्या पाइपात नाही."

त्यानंच समजावलं. जाळीखाली जो वाकडा तुकडा असतो त्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपल्या न्हाणीवरूनच पडलेलं नाव, इंग्रजी कॅटलॉगमध्येही तसंच छापतात. त्यात थोडं पाणी कायम साठून राहतं, म्हणून गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. तिथून पाणी बाहेरच्या चेंबरमध्ये जातं. वरच्या तिन्ही मजल्यांचंही तिथंच. चेंबर तुंबलं की पाणी सगळ्यात खालचं तोंड शोधतं. बिल्डिंगमधलं सगळ्यात खालचं तोंड म्हणजे आमची मोरी.

म्हणजे साडेसातला वरच्यांच्या आंघोळी सुरू व्हायच्या आणि त्या आमच्याकडे यायच्या.

"चेंबर कुठंय?" त्यानं विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. पाडव्याच्या आधी सोसायटीनं पार्किंगमध्ये नवे पेव्हर ब्लॉक बसवले होते. झाकण त्यांच्याखाली गेलं होतं.

मी पुरावा गोळा करायला लागले. सलग तीन सकाळी आमचा मेन कॉक बंद केला, आधी मोबाइलच्या घड्याळाचा, मग जाळीतून चढणाऱ्या पाण्याचा व्हिडिओ काढला आणि मालकांना, सेक्रेटरींना पाठवला. चौथ्या दिवशी सोसायटीनं एक माणूस पाठवला.

सायकलला बांबूच्या लांब कामट्या बांधलेल्या, कॅरियरला घमेलं. वय माझ्या मोठ्या भावाएवढं. त्यानं अंदाजानं ब्लॉक उचकटले आणि तिसऱ्या ठिकाणी झाकण सापडलं. कंबरेइतकं खोल, काठोकाठ भरलेलं. मी फोन काढला. पुरावा पूर्ण व्हायला हवा होता.

"ताई, व्हिडिओ काढताय?"

"फक्त चेंबरचा."

"तोंड नका घेऊ. गावाकडं प्लंबिंगचं काम म्हणून सांगितलंय." मग जरा थांबून, "ॲसिड टाकलंय का यात?"

"हो. पण झाले चार दिवस," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. आधी कामट्या घालून पाहिल्या. मग पालथा झोपला आणि खांद्यापर्यंत उघडा हात आत घातला. सिमेंटचा गोळा निघाला. ब्लॉक बसवताना पडलेला असणार. त्याच्याभोवती चिंध्या, पॅड, चहाचा चोथा आणि केस. कुणाकुणाचे केस.

पाणी गडगडत गेलं. मी तो क्षण नीट शूट केला आणि तिथल्या तिथं मालकांना पाठवला. 'ओके. नो कटिंग,' असं उत्तर आलं. मला जिंकल्यासारखं झालं.

"ताई, हात धुवायला..." तो म्हणाला.

आमचं दार उघडं होतं. बाथरूम आत चार पावलांवर. ज्या जाळीतून आता पाणी जाणार होतं, ती त्याच्यामुळं. मी म्हणाले, "बाहेर नळ आहे ना दादा, झाडांचा. साबण देते." आणि खिडकीच्या गजांतून साबण पुढं केला.

त्याला नवल वाटलं नाही. त्यानं बाहेरच्याच नळाबद्दल विचारलं होतं बहुतेक.

२०१३ चा कायदा मला माहीत आहे. सुरक्षेची साधनं न देता गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला त्यानं बंदी आहे. गटारात मृत्यू झाला तर द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली, तेव्हा ती बातमी मी स्टोरीला टाकली होती. आमचं चेंबर कंबरेइतकंच होतं, त्यात कुणी मरत नाही. पण कोपऱ्यावरच्या त्याच हार्डवेअरच्या दुकानात रबरी हातमोजेही टांगलेले होते. मी तिथून ॲसिड आणलं होतं.

तो बराच वेळ हात धूत होता. ब्लॉक परत बसवून, झाकणाच्या जागेवर खडूनं फुली मारून निघून गेला. पैसे सोसायटी देणार होती. किती ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसातला जाळीतून फक्त गुडगुड ऐकू आली. मी मनसोक्त आंघोळ केली.

साबण त्यानं स्वच्छ धुऊन खिडकीत ठेवला होता. आम्ही दोघींनीही तो आत आणला नाही. पहिल्या पावसात विरघळेपर्यंत तिथंच होता.