इथले जगणे, तिथले जगणे

२०२३ च्या उन्हाळी सुट्टीत मी दोन्ही मुलांना घेऊन जेद्दाहला दीड महिना राहून आले. माझे पती तिथे एका कंपनीत एसी दुरुस्तीचे काम करतात. भिगवणला परतल्यापासून मोहल्ल्यातल्या बायका आणि शाळेतल्या मुलींच्या आया एकच सवाल करतात, "बाजी, वहाँ अच्छा के यहाँ?" मी हसून टाळत असे. आता तो सवाल आमच्याच घरात येऊन बसला आहे. कुटुंबाच्या इकाम्यासाठी लागणारे कागद द्यायला कंपनी तयार आहे, आणि मी नोकरी सोडून तिकडे जायचे की नाही, हे ठरवायचे आहे.

तिथले चांगले ते मोकळ्या मनाने सांगते. त्या दीड महिन्यात वीज एकदाही गेली नाही. रात्री अकरा वाजता मुलांचा हात धरून रस्त्याने चालताना भीती वाटली नाही. कामगाराचा आरोग्य विमा कंपनीला काढावाच लागतो. पगारावर आयकर नाही. मक्का गाडीने तासाभरावर. उमरा झाला तेव्हा आयुष्यभराची एक मुराद पूर्ण झाली.

आणि इथे? आमच्या समोर उजनीचे पाणी क्षितिजापर्यंत पसरलेले असते. त्यातली चिलापी भिगवणच्या बाजारातून दूरदूर जाते, हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला शहरातून गाड्या येतात. पण त्या पाण्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मिसळते, म्हणून घरात प्यायला जार विकत आणावा लागतो. जेद्दाहने समुद्राचे खारे पाणी गोडे केले. आम्हाला मिळालेले गोडे पाणी आम्ही नासवले. दुखणे मोठे असेल तर बारामती गाठायची, त्याहून मोठे असेल तर शंभर किलोमीटरवरचे पुणे.

देशादेशांचे जगणे मोजण्यासाठी पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या मदतीने मानव विकास निर्देशांक आणला. संयुक्त राष्ट्रांचा पहिला अहवाल १९९० साली निघाला. माणूस किती वर्षे जगतो, किती शिकतो आणि किती कमावतो, या तीन गोष्टी त्यात बघतात. २०२५ च्या अहवालात १९३ देशांत सौदी अरबस्तान ३७ वा आहे, भारत १३० वा. म्हणजे आमच्या घरातला एक माणूस सदतिसाव्या नंबरावर राहतो आणि तिघे एकशेतिसाव्यावर! संसार मात्र एकच आहे. धाकट्याच्या खतन्याला त्याचे अब्बा मोबाइलच्या पडद्यावर होते, हे कुठल्या रकान्यात भरायचे?

मग सगळे मिळून तिकडेच का राहू नये? हिशेब मांडून बघितला. जुलै २०१७ पासून सौदी सरकारने परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल कर बसवला आणि दरवर्षी वाढवत २०२० मध्ये तो ४०० वर नेला. त्या दराने आम्हा तिघांचे महिन्याला १२०० रियाल होतात. घरभाडे आणि मुलांच्या शाळेची फी वेगळी. २०२० पासून खरेदीवर १५ टक्के व्हॅट. शिल्लक फारशी उरत नाही.

पैशांचे एक वेळ जमवता येईल. मला अडते ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. तिथे राहणे नोकरीला बांधलेले असते. २०२२ च्या जनगणनेत सौदीच्या लोकसंख्येत शंभरातले जवळपास बेचाळीस परदेशी निघाले. त्यांतले कित्येक वीस-पंचवीस वर्षे तिथे राबले आहेत, पण काम संपले की सामान बांधायचे. तिथे जे मिळते ती सोय आहे, हक नाही. माझी मुलगी आठवीत आहे. ज्या मातीवर तिचा कधीच दावा असणार नाही, तिथे तिला किती वाढवायचे?

इथे सोयी कमी असल्या तरी हक आहे. नळाला पाणी नाही म्हणून ग्रामपंचायतीत जाऊन भांडता येते. शाळेत शिक्षक कमी म्हणून अर्ज देता येतो. मत देता येते. परदेशातल्या भारतीयाला २०११ पासून मतदार म्हणून नाव नोंदवता येते, पण मतदानाला गावच्या केंद्रावर यावे लागते. त्यामुळे २०२४ च्या लोकसभेला मी मत दिले, ह्यांना देता आले नाही.

मात्र या हकाचा फार डौल मिरवावा, असेही नाही. हे शौकाने गेले नाहीत. इथल्या पगारात बहिणीचे लग्न आणि घराचे कर्ज फिटत नव्हते, म्हणून गेले. आजही परत आले तर कुरकुंभ किंवा बारामतीच्या एमआयडीसीत तिथल्या निम्मा पगारही मिळेल की नाही, शंका आहे. आमच्या शाळेतल्या मुलांचे डोळे दहावीआधीच पासपोर्टवर लागलेले असतात. त्यांना मी अडवत नाही. एवढेच सांगते, "बेटा, पहले आयटीआय करो, हुनर सीखो, फिर जाओ." हुनर असलेला माणूस निदान आपल्या अटी बोलू शकतो आणि परत आल्यावर रिकाम्या हाताने बसत नाही.

गेल्या जुम्म्याला मी ह्यांना फोनवर माझा जवाब दिला. मी राजीनामा देणार नाही. मुले इथेच शिकतील. त्यांचा करार संपायला दोन वर्षे आहेत, तोवर माझ्या पगारातून भिगवणला हायवेलगत दुकानाचा एक गाळा घ्यायचा, एसी-फ्रिज दुरुस्तीसाठी. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग त्यांनी विचारले, "गाळ्याचं भाडं किती सांगतात?"

उद्या शाळा सुटल्यावर चौकशीला जाणार आहे.