जाळीवरचं सिलिकॉन

आमच्या जीपचे बेअरिंग वयोमानाने गेले नाहीत, माझ्या हाताने गेले. परभणीजवळच्या आमच्या झरीच्या शिवारात अजूनही जुन्या जीप राबताना दिसतात, आणि त्यांचे मालक बहुतेक वेळा माझ्यासारखे स्वतःच पाना हातात घेतात. म्हणून जे केलं ते जसंच्या तसं लिहितो.

गाडी एमएम 540. तिच्यात महिंद्राने प्यूजोच्या परवान्याखाली बनवलेलं एक्सडीपी 4.90 डिझेल इंजिन आहे. सिलिंडर चार, प्रत्येकाचा व्यास 90 मिलिमीटर, एकूण 2112 सीसी. गाडी वडिलांनी घेतलेली. पावसाळ्यात आमच्या काळ्या रानात ट्रॅक्टरही फसतो, तेव्हा खताची पोती आणि फवारणीचं पाणी पांदणीने आखाड्यावर पोचवते ती हीच. फोर-लोमध्ये चिखल तुडवताना इंजिन जोरात फिरतं आणि गाडी माणसाच्या चालीने सरकते. समोरून वारा लागत नाही, इंजिन तापतं, ऑइल पातळ होतं.

एका मे महिन्यात ऑइलचा दिवा लुकलुकायला लागला. सकाळी काही नसायचं. दुपारी आखाड्यावरून परत येऊन गाडी स्लोवर ठेवली की दिवा लागायचा, थोडी रेस दिली की विझायचा. परभणीचं मे महिन्यातलं ऊन सगळ्यांना ठाऊक आहे. मी दोष उन्हाला दिला आणि दिव्याचा स्विच बदलला. स्विचवर संशय घेण्यात वावगं काही नव्हतं, जुन्या गाडीत तो बिघडतोच. पण तो संशय मी तपासून घेतला नाही. स्विच काढून त्याच भोकात हातातला प्रेशर गेज लावला असता तर दाब खरंच कमी आहे की नुसता दिवाच खोटा आहे, हे तिथल्या तिथे कळलं असतं. गेज मागायला मिस्त्रीकडे जावं लागलं असतं. ही गाडी मलाच कळते असा माझा समज होता, म्हणून गेलो नाही.

दिवा लागायचा थांबला नाही. मग 15डब्ल्यू-40 काढून 20डब्ल्यू-50 ऑइल घातलं. दिवा विझला आणि मी निर्धास्त झालो.

ऑइल काढण्याआधी पट्टी ओढून पाहिली होती. ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं. जुनी गाडी ऑइल खाते, आपली खात नाही, याचा मला अभिमान वाटला. इंजिनातलं ऑइल आपोआप कधीच वाढत नाही. वाढलं तर त्यात डिझेल उतरलेलं असतं, नाहीतर पाणी. काढलेल्या ऑइलला डिझेलचा वासही येत होता. ज्या डब्यात ते धरलं त्यात पूर्वी डिझेल असायचं, म्हणून तो वास मी डब्याचा समजलो.

दाट ऑइलने दिवा का विझला, हे मला फार उशिरा उमगलं. पंप ऑइल ढकलतो, पण दाब तयार होतो तो पुढची वाट अरुंद असते म्हणून. क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट झिजून दुप्पट झाली तर तिच्यातून ऑइल आठपट निसटतं. ऑइल पातळ झालं तरी ते असंच सैल सुटतं आणि दाब उतरतो. दाट ऑइलला त्याच फटीतून जाणं जड जातं, म्हणून दाब चढतो. दुखणं जिथल्या तिथेच राहतं. शिवाय गाळाने वाट आधीच चोंदलेली असेल तर काटा वर दिसतो आणि पुढच्या बेअरिंगला ऑइल कमीच मिळतं.

फटीतलं ऑइल काय काम करतं हे दाखवणारा एक जुना प्रयोग आहे, तो मला फार आवडतो. 1880च्या दशकात इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हे अभियंते रेल्वेच्या धुऱ्याचं बेअरिंग तपासत होते. वरून ऑइल सोडायला त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर धुरा फिरताच ऑइल उलट वर येऊ लागलं. बूच मारलं, ते निघालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर सरकली. शेवटी गेज लावला तर काटा दर चौरस इंचाला 200 पौंडांपर्यंत चढला. तिथे पंप नव्हताच. फिरणारा धुरा स्वतःच ऑइल फटीत ओढत होता आणि त्याच थरावर स्वतःला उचलून धरत होता. 1886मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. आमच्या जीपचा क्रँकही असाच केसाहून पातळ थरावर तरंगतो. पंपाचं काम तो थर तुटू न देण्याचं. मी मात्र दिवा विझवायच्या मागे लागलो होतो.

डिझेल आत उतरतच होतं, त्यामुळे नवं ऑइलही पातळ झालं आणि दिवा परत लागू लागला. कुणीतरी रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे वायसर टाकायला सांगितलं, मी टाकलं. तो व्हॉल्व्ह दाब मर्यादेबाहेर गेला तरच उघडतो. माझा दाब स्लोवर आधीच खाली होता, म्हणजे व्हॉल्व्ह बंदच होता. बंद दार अजून घट्ट लावून काय मिळणार? सकाळी थंड, दाट ऑइलवर दाब नको इतका चढू लागला आणि फिल्टरच्या रबरातून ऑइल झिरपायला लागलं, तेवढाच फरक पडला.

मग इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवलं आणि तळाचा गाळ धुऊन काढला. तेवढं मात्र बरोबर केलं. बसवताना जुनं पॅकिंग फाटलं. नवं आणायला परभणी गाठावी लागणार होती, पेरणी तोंडावर होती, आणि घरात सिलिकॉनची नळी होती. पॅकिंगच्या जागी मी तीच पिळली, चांगली जाड. बोल्ट आवळल्यावर कडेने बाहेर आलेलं सिलिकॉन बोटाने पुसून घेतलं. जेवढं बाहेर आलं तेवढंच आतही गेलं असणार, हा विचार मनात आला नाही.

त्यानंतर जिंतूरला निघालो. बोरीच्या पुढे दिवा लागला, तोही धावत्या गाडीत. बाजूला घेऊन स्लोवर ठेवली तर विझला. इथे मी कान टवकारायला हवे होते. बेअरिंग झिजले असतील किंवा ऑइल पातळ झालं असेल, तर दिवा गरम इंजिनच्या स्लोवर लागतो आणि रेस दिली की विझतो. पंपाच्या तोंडाची जाळी चोंदली असेल तर उलट होतं: स्लोवर पुरेसं ऑइल ओढलं जातं, रेस वाढली की पंपाला कमी पडतं. लक्षण पूर्ण फिरलं होतं आणि मी त्याला जुनंच दुखणं समजलो. थोडं थांबलो, पुन्हा निघालो. गाडी उभी केली की जाळीवरचे सिलिकॉनचे तुकडे खाली सुटायचे आणि काही अंतर सगळं ठीक वाटायचं. जिंतूर जवळ येईपर्यंत खालून ठोका ऐकू यायला लागला. टॅपेटची टिकटिक हलकी असते. हा आवाज जड होता, पायाखालच्या पत्र्यात जाणवणारा. मी तरीही गावात शिरेपर्यंत इंजिन बंद केलं नाही. सगळ्यात मोठं नुकसान त्या शेवटच्या टप्प्यात झालं.

गाडी दोरीने ओढत परभणीला आणली. मिस्त्रीने काहीही उघडायच्या आधी पट्टी ओढली, ऑइल बोटांवर चोळलं आणि एक थेंब वर्तमानपत्रावर टाकला. मधे काळा डाग राहिला आणि त्याच्याभोवती ओलं, फिकट कडं पसरत गेलं. "मालक, यात ऑइल किती अन् डिझेल किती?" एवढंच त्याने विचारलं.

चेंबर खाली आलं. जाळीवर सिलिकॉनच्या पट्ट्या चिकटल्या होत्या, शेवयांएवढ्या, एकीवर एक. नखाने ओढली की ताणायची आणि सुटली की परत आखडायची. जाळीचा जेमतेम एक कोपरा उघडा होता. बेअरिंगवरचा राखाडी थर जाऊन खालचं तांबं दिसत होतं. डिझेल फवारणारे चारही नॉझल टेस्टरवर लावले तेव्हा तिघांचा नीट फवारा पडला आणि एकाची धार लागली. तेच न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून रिंगांच्या खाली उतरत होतं. पहिला दिवा लागला तेव्हा एवढंच बिघडलेलं होतं. नॉझल दुरुस्त करून ऑइल बदललं असतं तर काम भागलं असतं.

आता चेंबरला पॅकिंग आहे, स्प्रिंगमागचं वायसर काढलंय, आणि ऑइल परत 15डब्ल्यू-40 आहे. दिव्याच्या जोडीला काट्याचा गेज बसवून घेतलाय. भर दुपारी आखाड्यावरून आल्यावर स्लोवर तो एक किलोच्या थोडा वर असतो, रस्त्यावर साडेतीनच्या आसपास. सकाळी पट्टी ओढली की ऑइल वास घेऊनच पुसतो.

क्रँक मात्र लेथवर चढवून एक साइज बारीक करावा लागला. वडिलांच्या काळात तो एकदा दहाच्या साइजला घासला होता, आता वीसला गेलाय. पुढे फक्त तीस उरलीय. त्यानंतर दुसरा क्रँक शोधावा लागेल. पेरणीच्या घाईत पॅकिंग आणायचं टाळलं आणि या गाडीच्या आयुष्यातली एक साइज मी खर्चून बसलो, याचं मला अजून वाईट वाटतं.