लेबलवर नसलेली नावं

जॅझच्या जुन्या तबकड्या जमवणारा माणूस घाटघरला राहतो म्हटलं की ऐकणाऱ्याला नवल वाटतं. जीवधन किल्ल्याच्या कुशीतलं, नाणेघाटाच्या माथ्यावरचं हे गाव. पावसाळ्यात धुकं थेट घरात शिरतं आणि कागदी लेबलांवर बुरशी धरते. म्हणून तबकड्या उभ्या ठेवायच्या आणि पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने, लेबल वाचवत, गोल पुसून घ्यायच्या. ७८ आरपीएमच्या तबकडीला स्पिरिट मात्र कधी लावू नये. ती लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. या तबकड्या बनत त्या काळी जगाला लाख पुरवणारा मोठा देश आपलाच होता. अमेरिकेतला जॅझ ज्या तबकड्यांवर उमटला, त्यांत आपल्या पळस-कुसुंबांवरच्या किड्यांचे कष्ट आहेत.

मला सर्वांत जास्त ओढ आहे ती मुंबईच्या जॅझची. १९३५ साली व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले गोव्याचे वादक त्यांना ऐकत, त्यांच्याबरोबर वाजवत तयार झाले. हळदोण्याचा ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजला. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

हॉटेलातला हा बाज चित्रपटात आणणाऱ्यांत पुणतांब्याचे सी. रामचंद्र आघाडीवर होते आणि चिक चॉकलेट त्यांचा सहायक होता. भगवानदादांच्या ‘अलबेला’ची (१९५१) तबकडी लावली, की मी गाण्याआधी ट्रंपेटकडे कान देतो. दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तेवढ्यात मुखडा, अंतरे आणि मधले वाद्यमेळ बसवायचे. मनसोक्त फुलवत नेणं हा जॅझचा स्वभाव, इथे तो चार-सहा मात्रांच्या फटीत मावला आहे. तरीही तो ट्रंपेट एकदा वाजला की ओठ आपसूक हलू लागतात. लेबलवर मात्र चित्रपट, गायक आणि संगीतकार एवढेच. वाजवणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

आमच्या घाटात सातवाहनांचं लेणं आहे. राणी नागनिकेच्या कुटुंबातल्यांच्या प्रतिमा तिथे कोरलेल्या होत्या. प्रतिमा गेल्या, उरले ते पायांचे अवशेष आणि वर कोरलेली नावं. दोन हजार वर्षांनंतरही ती माणसं कोण होती हे आपल्याला कळतं, कारण कुणीतरी नाव लिहून ठेवलं. माझ्या तबकड्यांचं नेमकं उलटं झालं आहे. माणसाचा श्वास जसाच्या तसा शाबूत, नाव तेवढं गळालं.

संग्रह म्हणजे नुसती मालकी नव्हे, हे मला या लेण्याने शिकवलं. दुर्मीळ तबकडी मिळाल्याचा आनंद होतोच, पण खरं काम त्यानंतर सुरू होतं. जुन्या वादकांच्या आठवणी वाचायच्या, जाणकारांना ऐकवायचं, खात्री पटली की पाकिटावर पेन्सिलीने वादकाचं नाव लिहायचं. खात्री नसेल तर जागा कोरी सोडायची. ज्याने आपल्याला तीन मिनिटं सुख दिलं, त्याचं नाव माहीत करून घेणं हे ऐकणाऱ्याचं देणं आहे. ते फेडल्याशिवाय संग्रह पुरा झाला असं मी मानत नाही.